लेकीच्या पायाचं माप

हातात भाजी निवडायची असेल, चुलीवर भात असेल, तर असू द्या. हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज मी पायांबद्दल बोलणार आहे. पायांबद्दल आणि बुटांबद्दल.

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. महिन्याला पंधरा-वीस बैठका होतात. कर्ज, हप्ते, शेळ्या, शिलाई मशीन, पापड, हेच विषय. पण मागच्या महिन्यात एका बैठकीत मी वेगळाच प्रश्न विचारला. बारा जणी बसल्या होत्या. म्हटलं, "तुमच्या पायाचा नंबर किती?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक ताई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा नऊ, थोरल्याचा आठ, धाकट्याचा सहा." मी म्हटलं, "तुमचा?" तर हसून म्हणाल्या, "माझा कुठला नंबर? बाजारात चप्पल पायात घालायची, बसली तर घ्यायची." बारापैकी दोघींनाच स्वतःचा नंबर माहीत होता.

हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. त्याच गटातल्या एका ताईंची लेक पोलीस भरतीची तयारी करते. वय वीस. पहाटे पाचला उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर पळते. तुम्हाला माहीतच आहे, पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, १०० मीटर पळावं लागतं आणि गोळाफेक असते. तिथं एकेका सेकंदाला किंमत असते. तर ही पोरगी दिवाळीपर्यंत छान पळत होती. मग तिची नडगी दुखायला लागली. नडगी म्हणजे गुडघ्याखालचं पुढचं हाड. आधी पळताना दुखायची, मग पळून झाल्यावर दुखायला लागली. तिनं कुणाला सांगितलं नाही. का? तर "दुखतंय म्हटलं की घरचे म्हणतील, सोड ते पळणं." शेवटी लंगडायला लागली तेव्हा आईच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी तीन आठवडे पळणं बंद करायला सांगितलं आणि विचारलं, "पळताना पायात काय घालतेस?"

पायात होते भावाचे जुने बूट. आठ नंबर. पुढं कापूस कोंबून, लेस करकचून बांधून ती त्यात पळत होती. तिचा स्वतःचा नंबर निघाला पाच. बुटाच्या एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. म्हणजे तीन नंबरांत अडीच सेंटीमीटर. एवढ्या मोठ्या बुटात पाय प्रत्येक पावलाला मागंपुढं सरकतो आणि तो धरून ठेवायला बोटं आत वळतात. शिवाय त्या बुटाची गादी भावानं आधीच दाबून संपवलेली. अशा बुटात रोज चार-पाच किलोमीटर डांबरी रस्त्यावर. आता नडगी दुखण्याचं कारण नुसता बूटच असतं असं नाही. एकदम जास्त पळणं, कडक रस्ता, विश्रांती न घेणं, हीही कारणं असतात. पण बुटानं त्यात भरच घातली.

त्या माउलीनं बैठकीत अठराशे रुपयांचं कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, तर "मुलीचे बूट". एकदम कुजबुज. "बुटाला कर्ज?" "शेळी तरी दूध देती, बूट काय देणार?" एक आजी म्हणाल्या, "आम्ही जन्मभर अनवाणी पळालो, काय झालं आम्हाला?"

आजींचं म्हणणं खोटं नाही. बारामतीच्या लता करे यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. साठी ओलांडलेली बाई नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारी नेसून, अनवाणी पळाली आणि शर्यत जिंकली. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. आपल्या बायकांच्या पायात ताकद आहे, हे कुणी नव्यानं सांगायला नको. पण लताताई अनवाणी पळाल्या ती त्यांची अडचण होती. अडचणीचं कौतुक जरूर करावं, पण तीच अडचण लेकीच्या वाट्याला कशाला ठेवायची?

चर्चा बरीच झाली. शेवटी ठराव झाला. दरमहा ३०० रुपये, सहा हप्ते, शेकडा एक रुपया व्याज. सगळं मिळून व्याज झालं ६३ रुपये. आणि मला सांगितलं, "ताई, तुम्ही सोबत जा, पैसे वाया नाही गेले पाहिजेत." म्हणून मी जाण्याआधी विचारलं, वाचलं, आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, दुकानात जायच्या आधी घरी पाय ओळखायचा. सगळ्यांच्या पायाचा तळवा सारखा नसतो. बघायचं कसं? पाय ओला करा आणि कोरड्या फरशीवर किंवा किराणा बांधून येतो त्या तपकिरी कागदावर उभ्या राहा. पूर्ण भार द्या आणि पाय उचला. ठसा बघा.

टाच आणि चवडा यांना जोडणारा मधला पट्टा अर्ध्याच्या आसपास रुंद उमटला, आतल्या बाजूनं वळण दिसलं, तर तळव्याची कमान मध्यम. आतलं वळण दिसतच नाही, सगळा तळवा उमटला, तर पाय सपाट. आणि मधला पट्टा अगदी बारीक, दोऱ्यासारखा, किंवा टाच वेगळी आणि चवडा वेगळा, तर कमान उंच.

आपल्याकडं सपाट पायाला लोक लगेच नावं ठेवतात. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा पाय बघून जातात. तर मैत्रिणींनो, सपाट पाय हा काही रोग नाही. पुष्कळ माणसांचे पाय सपाट असतात आणि त्यांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. एक सोपी गोष्ट करा. चवड्यावर उभ्या राहा, टाचा उचला. तेव्हा तळव्यात कमान तयार झाली, तर तो पाय लवचीक आहे, बहुधा काळजी नको. कमान तयारच होत नसेल, पाय ताठ असेल किंवा दुखत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या पोरीचा ठसा पूर्ण उमटला. आईचा चेहरा पडला. मग तिला चवड्यावर उभं केलं, तर कमान अशी सुरेख वर आली! आईला हायसं वाटलं.

आता या ठशाचा बुटाशी काय संबंध? दुकानदार सांगतात, सपाट पायाला आतल्या बाजूनं टणक, आधार देणारा बूट घ्या. उंच कमानीच्या पायाला मऊ गादीचा, लवचीक बूट घ्या. मध्यम पायाला दोन्हीच्या मधला. हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. उंच कमानीच्या पायाचा थोडाच भाग जमिनीला टेकतो, त्यामुळे अशा पुष्कळ जणींना मऊ गादी बरी वाटते. सपाट पायाच्या काही जणींना फार पिचपिचीत बुटात पाय आत कलल्यासारखा वाटतो, त्यांना टणक बूट बरा वाटतो.

पण ठसा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. अमेरिकेच्या सैन्यात २०१० च्या आसपास हजारो नव्या जवानांवर याची परीक्षा घेतली गेली. काहींना तळव्याच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे बूट दिले आणि बाकीच्यांना आकार न बघता सरसकट एकाच प्रकारचे. दुखापती दोन्हीकडं जवळपास सारख्याच झाल्या. म्हणजे ठसा बघून निवडल्यानं दुखणं टळेल, अशी हमी नाही. म्हणून कुणी म्हणालं, "तुमचा पाय सपाट आहे, तुम्हाला हा पाच हजारांचाच बूट लागेल," तर घाबरून पिशवी उघडू नका. ठसा आपला पाय ओळखण्यापुरता. बूट निवडायचा तो मापावरून, रुंदीवरून आणि घालून पळाल्यावर पाय काय सांगतो त्यावरून.

दुसरी गोष्ट, माप. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगतो. पळतानाही फुगतो. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा. बसून माप घ्यायचं नाही, भार पडला की पाय लांबतो आणि पसरतो. दुसरीला पेन्सिल उभी धरून सगळ्या पायाभोवती रेघ ओढायला सांगा. मग पोरांच्या पट्टीनं टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. सगळ्यात लांब अंगठाच असतो असं नाही, काहींचं शेजारचं बोट लांब असतं. चवड्याची रुंदीही मोजा. दोन्ही पाय मोजा. बहुतेकींचा एक पाय थोडा मोठा असतो. बूट घ्यायचा तो मोठ्या पायाच्या मापानं.

तो कागद कापून पिशवीत घाला आणि दुकानात न्या. बुटाच्या जिभेच्या आत चिठ्ठी असते, तिच्यावर तीन-चार आकडे असतात. आपल्याकडं नंबर म्हणतात तो बहुधा युके लिहिलेला. त्याशेजारी अमेरिकेचा आणि युरोपचा नंबर वेगळा असतो, तो आपला समजून घेऊ नका. एका कंपनीचा पाच दुसऱ्या कंपनीच्या पाचाएवढा असेलच असंही नाही. नंबर बदलतो, सेंटीमीटर बदलत नाही. म्हणून आपला कागद आपल्याजवळ.

तिसरी गोष्ट, दुकानात काय बघायचं. पळताना जे मोजे घालणार तेच घेऊन जा. दोन्ही बूट घाला, लेस बांधा आणि उभ्या राहा. लांब बोटाच्या पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नसेल तर पळताना नखं आपटून काळी पडतात. चवड्याला बाजूनं दाब नको, करंगळी हलली पाहिजे. टाच मात्र घट्ट धरलेली हवी, चालताना वर-खाली होता कामा नये.

मग बूट हातात घ्या. पुढचं टोक आणि टाच धरून वाकवा. जिथं आपली बोटं वाकतात तिथंच बूट वाकला पाहिजे. बरोबर मध्ये घडी पडत असेल तर ठेवून द्या. टाचेची मागची भिंत दोन बोटांनी दाबून बघा, कागदासारखी बसत असेल तर नको. आत हात घालून फिरवा, कुठं शिवण टोचत असेल तर तिथंच फोड येणार.

आणि लाजू नका. बूट घालून दुकानाबाहेर दहा-वीस पावलं पळून बघा. लोक बघतील, बघू द्यात. पोरगी लाजत होती, मग मीच साडी खोचून तिच्यासोबत पळाले. दुकानदार हसला, पण पळू दिलं. "आता थोडं चावतंय, पण वापरून सैल होईल," असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पळायचा बूट पहिल्या दिवसापासून बरा वाटला पाहिजे.

आम्हाला पहिल्या दुकानात पाच नंबर लांबीला बरोबर मिळाला, पण करंगळीपाशी चावत होता. आपल्या मुली लहानपणापासून अनवाणी नाहीतर चपलेत वावरतात, त्यामुळं पुष्कळींचा चवडा पसरट असतो. दुकानदार म्हणाला, "सहा घ्या." पण सहा घेतला की टाच सरकत होती. रुंदी कमी पडली म्हणून लांबी वाढवणं हा उपाय नाही. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथं वेगळ्या कंपनीचा पाच नंबर पुढून रुंद निघाला. पोरगी पळाली, परत आली आणि म्हणाली, "ताई, पायात काही आहे असं वाटतच नाही." तोच घेतला. पंधराशे रुपयांत बूट आणि उरलेल्या पैशांत दोन जोड मोजे. मोजे निव्वळ सुती घेऊ नका, घामानं ओले होऊन पायाला घासतात.

भावाचे बूट बहिणीला कधीच चालत नाहीत का? मापानं नीट बसले, टाच सरकली नाही आणि गादी शाबूत असली, तर चालतात. चवडा फार रुंद असेल तर मुलांच्या मापातला बूट उलट बरा बसतो. बूट मुलीचा की मुलाचा हे पाय बघत नाही. पण "त्याचे झाले, आता तू घाल" या हिशेबानं दिलेला झिजका बूट मात्र नको.

चौथी गोष्ट, बूट जपणं. पळायचा बूट पळायलाच. बाजाराला, शेताला, लग्नाला नाही. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर पळालं की आतली गादी दबते, वरून बूट नवा दिसला तरी. आठवड्याला तीस किलोमीटर पळणाऱ्या मुलीचे पाचशे किलोमीटर चार महिन्यांत होतात. म्हणून कॅलेंडरवर रोजचं अंतर लिहून ठेवा. चिखलात भिजला तर साध्या पाण्यानं धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला की चिकटवलेलं सुटतं. आणि नवा बूट भरतीच्या मैदानावर पहिल्यांदा घालायचा नाही. निदान दोन-तीन आठवडे आधी घेऊन सवय करायची.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दुखणं लपवायचं नाही. पोटऱ्या भरून येणं, अंग दुखणं, हे दोन दिवसांत जातं. पण हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, रात्री पडल्या पडल्या दुखतं, दिवसेंदिवस वाढतं, तर पळणं थांबवून डॉक्टर गाठा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, तेही अंगावर काढू नका. आणि आयांनो, इथं एक गोष्ट आपल्या हातात आहे. पोरीनं "दुखतंय" म्हटलं तर "मग सोड" असं पहिलं वाक्य नको. "कुठं दुखतंय, दाखव" असं म्हणा. सोडायला लावतील या भीतीनंच मुली गप्प बसतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं पळायला जातोय? पळत नसाल, पण पाणी, सरपण, शेत, शाळा, बँक करत दिवसभर चालता तर खऱ्या. जुनी चप्पल उलटी करून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजली असेल तर ते नेहमीचं. पण एकच चप्पल जास्त झिजली, किंवा आतली बाजू पार बसली, तर पाय काहीतरी सांगतोय. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर रोज तळपाय बघायचा, कारण खडा टोचला तरी कळत नाही. पायात घालण्याआधी चप्पल, बूट झटकून, आत हात फिरवून मगच घाला.

आमच्या पोरीचं पळणं पुन्हा सुरू झालंय. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी चालणं, मग थोडं पळणं. डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या रस्त्यावर. भरतीचं मैदान अजून व्हायचंय. ती भरती होईल की नाही, मी कसं सांगू? पण तीन हप्ते आले आहेत, वेळेवर. आणि ज्या आजी अनवाणी पळायचं म्हणत होत्या, त्यांनी मागच्या बैठकीत हळूच पाय पुढं केला, म्हणाल्या, "माझं पण माप घे गं. बघू तरी किती आहे." आजींचा नंबर निघाला चार. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांना तो कळला.

तर पुढच्या बैठकीला एवढं करा. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. तपकिरी कागद, पेन्सिल आणि पट्टी. सगळ्यांनी एकमेकींच्या पायांचं माप काढा, नाव आणि सेंटीमीटर लिहा, आणि आपापला कागद घरी न्या. घरात पळणारी लेक असेल तर आधी तिचं माप घ्या.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. रामराम.